किचन रोल बंद करून चौदा महिने : कोणतं फडकं टिकलं, कोणतं नाही

आमच्याकडे आठवड्याला दोन किचन रोल संपायचे. चार माणसांच्या घराला हे फारच झालं, पण त्याला कारण होतं. सासूबाईंना पार्किन्सन आहे. कप अर्धाच भरून दिला तरी टेबलावर थोडं सांडतंच, आणि सांडलं की ते त्यांना लगेच आणि स्वतःच पुसायचं असतं. त्यांच्या उजव्या हाताशी रोलचं स्टँड असायचं. एका हाताने ओढलं की कागद फाटून हातात यायचा, टिपायचं, शेजारच्या टोपलीत टाकायचं. कुणाला हाक मारायला नको, कुणी धावत यायला नको.

त्यामुळे कागद कमी करावा असं दोन वर्षं मनात असूनही मी त्या स्टँडला हात लावला नव्हता. शेवटी आईच एकदा म्हणाल्या, "अगं, रोज एवढा कागद माझ्या एकटीपायी जातो, बघवत नाही मला. दुसरं काही बघ ना." तेव्हापासून मी जे जे आणलं, कापलं, धुतलं आणि वापरलं, त्याचा हा हिशोब आहे. कसोटी एकच ठेवली होती : थरथरत्या एका हाताने, पिळावं न लागता, दुसऱ्याची मदत न घेता आईंना सांडलेलं पुसता आलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

मी अकरा वर्षं कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे पाकिटावरच्या दाव्यांवर विसंबायची सवय नाही. घरी दोनच चाचण्या केल्या. पहिली थेंबाची. कापड वाटीच्या तोंडावर ताणून धरायचं, औषधाच्या ड्रॉपरने त्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि थेंबाची चकाकी जाईपर्यंत सेकंद मोजायचे. चकाकी गेली म्हणजे पाणी धाग्यांत शिरलं. दुसरी चाचणी वजनाची. कोरडं कापड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं, पाण्यात बुडवायचं, एक मिनिट लटकवून निथळू द्यायचं, पुन्हा तोलायचं.

आधी कागदाचंच बघितलं, कारण ज्याला हटवायचं त्याची ताकद ठाऊक हवी. आमच्या रोलचा एक तुकडा २ ग्रॅमचा, त्याने २२ ग्रॅम पाणी धरलं. थेंब पडताक्षणी नाहीसा. कागद हे काम खरोखर उत्तम करतो, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. त्यात लांब आणि आखूड अशा दोन्ही तंतूंचं मिश्रण असतं. पाइन, स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांचे तंतू लांब, त्यांनी मजबुती येते. निलगिरीसारख्या झाडांचे आखूड, त्यांनी मऊपणा येतो. शिवाय किचन रोलमध्ये एक खास राळ घातलेली असते, तिच्यामुळे तो ओला झाला तरी विरघळत नाही. शौचालयाच्या कागदात ही राळ सहसा नसते. म्हणूनच किचन रोल संडासात टाकला की पाइप तुंबतो.

हे तंतू पुन्हा पुन्हा वापरता येतात, पण दर फेरीत थोडे तुटतात. साधारण पाच ते सात वेळा लगदा झाला की ते कागद बनवण्याच्या लायकीचे उरत नाहीत. वहीचा कागद पुन्हा कागद होऊ शकतो. तेल-दूध पुसलेला टिश्यू मात्र रद्दीत घेतच नाहीत, त्याचा प्रवास तिथेच संपतो. एवढ्यासाठी ताज्या झाडाचा लगदा वापरायचा, हेच मला खटकतं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बोरियल जंगलातली झाडं टिश्यूसाठी जातात, आणि त्यावरून एनआरडीसी ही अमेरिकी पर्यावरण संस्था २०१९ पासून टिश्यूच्या ब्रँडना चक्क शाळेसारख्या श्रेण्या देते. तीन सेकंद टेबल पुसायला एवढ्या थंड प्रदेशात सावकाश वाढलेलं झाड कशाला?

आता एकेक वस्तू.

सगळ्यात आधी आणलं ते सेल्युलोजचं स्पंज-कापड. १९४९ साली स्वीडनमध्ये कर्ट लिंडक्विस्ट नावाच्या अभियंत्याने ते शोधलं, वेटेक्स या नावाने ते घरोघरी गेलं, आणि आता ते कुठेही बनलेलं असलं तरी लोक त्याला स्वीडिश डिशक्लॉथच म्हणतात. बहुतेक पाकिटांवर ७० टक्के सेल्युलोज, ३० टक्के कापूस असं लिहिलेलं असतं. सेल्युलोज येतं लाकडाच्या लगद्यातून, म्हणजे झाड इथेही आहेच, पण ते एकदाच लागतं. सेल्युलोजच्या स्पंजमध्ये छिद्रं पाडण्याची रीत मला फार आवडते : लगद्यात सोडियम सल्फेटचे खडे मिसळायचे आणि नंतर ते विरघळवून काढायचे. खड्यांच्या जागी पोकळी उरते, आणि त्या पोकळीत पाणी बसतं.

वजनाच्या चाचणीत ११ ग्रॅमच्या कापडाने १७८ ग्रॅम पाणी धरलं. सोळापट! मी तीनदा तोललं, आकडा फारसा हलला नाही. ओट्यावर दुधाचा ओघळ आला की हे नुसतं टेकवायचं, बोटाखाली ते दूध ओढून घेताना जाणवतं. पिळलं की जवळजवळ कोरडं होतं. नळावर अडकवून ठेवलं तर दोन-तीन तासांत खडखडीत वाळतं, त्यामुळे वास धरत नाही. ओटा, सिंक, खिडकीच्या काचा, फ्रिजचे कप्पे या सगळ्यासाठी मी आता दुसरं काही हातात घेत नाही. एक कापड आमच्याकडे साधारण चार महिने चालतं, मग मधोमध, घडीच्या जागी विरतं. धुणं सोपं आहे, इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकते. ड्रायरमध्ये मात्र घालू नका, आखडतं.

आईंच्या कसोटीला ते उतरलं नाही. वाळलेलं असताना ते पुठ्ठ्यासारखं कडक असतं आणि पहिले काही सेकंद पाणी घेतच नाही. आईंनी सांडलेल्या पाण्यावर ते ठेवलं, हाताच्या थरथरीने ते पाण्यावरून सरकत गेलं आणि पाणी पुढे ढकललं जाऊन टेबलाच्या कडेवरून खाली त्यांच्या मांडीवर आलं. आधी ओलं करून ठेवलं असतं तर टिपलं असतं, पण मग दर वेळी पिळावं लागलं असतं. पिळण्याची ताकद त्यांच्या मनगटात आता उरलेली नाही. वस्तू चांगली, पण त्यांच्यासाठी नाही.

दुसरं आणलं बांबूचा धुता येणारा रोल. दिसायला हुबेहूब किचन रोल, छिद्रांच्या रेषेवर फाडता येणारे वीस तुकडे, प्रत्येक तुकडा कित्येकदा धुवा असं वर लिहिलेलं. आईंच्या सवयीला हा अगदी जुळणारा होता, त्यामुळे माझी याच्यावर फार भिस्त होती. पाकिटावर हिरवी पानं आणि ठळक अक्षरात '१०० टक्के बांबू'. हातात घेतल्यावर मला स्पर्श पटला नाही. बांबूपासून काढलेला व्हिस्कोस, म्हणजे लगदा विरघळवून ओढलेला धागा, ओला झाला की लिबलिबीत होतो, हा ओला होऊनही ताठ राहत होता.

मग प्रयोगशाळेत शिकलेली सगळ्यात जुनी तपासणी केली. चिमट्यात एक छोटी पट्टी धरली, सिंकमध्ये पाण्याच्या ताटलीवर, आणि काडीची ज्योत लावली. कापूस किंवा व्हिस्कोस कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे राखाडी राख उरते, ती बोटांत चोळली की भुकटी होते. ही पट्टी आधी आकसली, मग कडेने वितळली, आणि थंड झाल्यावर कडेला मोहरीएवढे काळे टणक मणी उरले. नखाने फुटेनात. म्हणजे त्यात पॉलिस्टर आहे. पुन्हा पाकीट उलटसुलट केलं, तेव्हा बारकोडच्या खाली अगदी बारीक अक्षरात मिश्रणाचा उल्लेख सापडला. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही, पण मला मनापासून राग आला. जो माणूस चांगलं करायच्या इच्छेने वस्तू घेतो, त्यालाच असं फसवलेलं मला सहन होत नाही. हा रोल जितक्या वेळा धुवाल तितक्या वेळा त्यातून प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात जाणार.

बांबूबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आजकाल प्रत्येक पाकिटावर तोच असतो. बांबू हे गवत आहे, तीन ते पाच वर्षांत तोडणीला येतं, मुळं शाबूत राहतात आणि पुन्हा फुटतं. हे सगळं खरं आहे. पण 'बांबूचं कापड' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि त्यातून धागा ओढतात. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे, त्यामुळे कारखाना ते कसं हाताळतो यावर सगळं अवलंबून. सेल्युलोजचं स्पंज-कापडही याच जातीच्या प्रक्रियेतून येतं, म्हणून मी त्यालाही निर्दोष म्हणणार नाही.

बांबूच्या कागदाचीही हीच गत. ब्रिटनमधल्या 'विच?' या ग्राहक संस्थेने २०२४ मध्ये बांबूचे म्हणून विकले जाणारे शौचालयाचे कागद तपासून घेतले, तर काहींत बांबूसारख्या गवताचे तंतू ५ टक्केसुद्धा भरले नाहीत, बाकी सगळं लाकूड. तेव्हा बांबू घ्यायचाच असेल तर पानांचं चित्र बघू नका. घटक, त्यांचं प्रमाण आणि लगदा कुठून आला हे लिहिलेलं आहे का ते बघा. कापड असेल तर एक धागा जाळून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त सिंकमध्ये, पाणी जवळ ठेवून.

तिसरी पायरी जुन्या कपड्यांची. कपाटातून नवऱ्याचे आणि लेकीचे विरलेले सुती टी-शर्ट काढले आणि वीतभर चौकोन कापले, साधारण २५ सेंटिमीटरचे. टी-शर्टचं कापड विणलेल्या फासांचं असतं, ताण्याबाण्याचं नसतं. त्यामुळे कापलं तरी कडा उसवत नाही, नुसती गुंडाळते. म्हणजे शिवायची गरज नाही. शंभर टक्के सुती आहे का ते गळ्यामागच्या लेबलवर बघून घेतलं. जिथे लेबल पुसलं होतं तिथे थेंब सोडला. जुन्या सुती कापडावर थेंब पडता पडता नाहीसा झाला, एक सेकंदसुद्धा मोजता आला नाही. लेकीच्या खेळाच्या शर्टावर तोच थेंब मोत्यासारखा उभा राहिला, मी वीसपर्यंत मोजून सोडून दिलं. तो शर्ट फर्निचरवरची धूळ पुसायला लावला.

९ ग्रॅमच्या सुती चौकोनाने ३१ ग्रॅम पाणी धरलं. स्पंज-कापडापुढे हे काहीच नाही, पण कागदाच्या एका तुकड्यापेक्षा जास्त आहे, आणि ते ताबडतोब धरतं. कोरडं असताना मऊ असतं, हात थरथरला तरी पाण्यावरून सरकत नाही, तिथल्या तिथे चिकटतं. आईंनी पहिल्यांदा वापरलं तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरातच थांबले होते. त्यांनी चौकोन सांडलेल्या चहावर टाकला, वरून तळवा ठेवला, क्षणभर तसाच दाबला आणि उचलला. टेबल कोरडं. काही बोलल्या नाहीत, चहा प्यायल्या.

पण मांडणी जमायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर यश त्या मांडणीचंच आहे. आधी मी चौकोनांच्या घड्या घालून चवड रचली. एक ओढायला गेलं की चार खाली पडायचे. मग ते उभे, पुस्तकांसारखे, एका जड लाकडी खोक्यात रचले, आणि खोक्याच्या बुडाला रबर चिकटवलं. आता चिमटीत धरून एकच वर येतो. डाव्या हाताला वापरलेल्यांसाठी तारेची उघडी टोपली ठेवली. झाकण मुद्दाम नाही, कारण झाकण उघडायला दुसरा हात लागतो. टोपली जाळीची, कारण बंद डब्यात ओलं कापड सहा तासांत वास मारायला लागतं. खोक्यात तीस चौकोन असतात. दिवसाला आठ ते बारा लागतात. दर तिसऱ्या दिवशी आमचं मशीन तसंही लागतं, त्यातच हे जातात. वेगळं धुणं मी कधीच लावलं नाही, लावावं लागलं असतं तर हा उद्योगच मला पटला नसता.

मध्ये एक वाईट आठवडा गेला, तो लिहायलाच हवा. घरात कपडे मऊ करणारं सॉफ्टनर आलं होतं, आणि नकळत या चौकोनांच्या धुण्यात ते पडलं. कापडं हाताला मखमलीसारखी लागत होती, मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई टेबल पुसत होत्या. एक चौकोन झाला, दुसरा झाला, तिसरा झाला, तरी पाणी इकडून तिकडे पसरत होतं. चौथा हातात धरून त्या थांबल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "आता पुसायलाही जमेना गं मला." त्यांना वाटलं आपला हात आणखी गेला. मी चौकोन हातात घेतला, नळाखाली धरला, पाण्याचे गोळे होऊन घरंगळत गेले. सॉफ्टनर धाग्यावर मेणासारखा पातळ थर चढवतं, म्हणून कापड मऊ लागतं, आणि त्याच थरामुळे पाणी आत शिरत नाही. मी त्यांना तिथेच ड्रॉपर आणून दाखवलं : हा थेंब या कापडावर, हा त्या सॉफ्टनर न लागलेल्या जुन्या टॉवेलवर. "आई, तुमचा हात तसाच आहे, कापड बिघडलंय." त्यांनी स्वतः दोन-तीन थेंब टाकून बघितले. मग चेहरा मोकळा झाला. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून तीनदा धुतल्यावर कापडं पूर्ववत झाली. पुसायच्या कुठल्याही कापडाला सॉफ्टनर लावू नका. टॉवेललासुद्धा.

नव्या कापडाचंही थोडंफार असंच असतं. मी चार नवी सुती फडकी आणली होती, खोलगट चौकटीच्या वाफल विणीची. पहिल्या दिवशी त्यांच्यावर थेंब मिनिटभर तसाच बसला होता. कापसाच्या धाग्यावर मुळात नैसर्गिक मेण असतं आणि विणताना खळ दिलेली असते. ती दोन्ही निघायला चार-पाच गरम धुणी लागतात. पाचव्या धुण्यानंतर थेंब दोन सेकंदांत मुरायला लागला. भांडी पुसायला ही वीण फार छान, खोलगटात पाणी साठतं आणि कापड लवकर वाळतं. पहिल्याच दिवशी "हे काही टिपत नाही" म्हणून फेकून देऊ नका.

तरीही नवं कापड घेण्याआधी घरातलं जुनं संपवा असं मी आग्रहाने सांगेन. एक किलो कापसाच्या कापडामागे जगात सरासरी १०,००० लिटर पाणी लागतं. माझं एक वाफल फडकं ३० ग्रॅमचं, म्हणजे ३०० लिटर. डझनभर सुंदर फडक्यांचा संच मागवून सुरुवात केली, तर कागदाच्या झाडांऐवजी पाण्याचं कर्ज डोक्यावर घेतल्यासारखं होतं, आणि ते फेडायला ती फडकी वर्षानुवर्षं वापरावी लागतात. फाटक्या टी-शर्टाचं पाणी केव्हाच खर्च झालेलं आहे.

वासाबद्दल सगळे विचारतात. हवा दमट असली, तीन-चार दिवस ऊन नसलं की कापडं कुबट होतातच. जंतूंना ओल हवी असते, त्यामुळे खरा उपाय वाळवणं हाच. मी प्रत्येक चौकोन सुटा, एकावर एक न टाकता वाळत घालते. यासाठी दाराआड तीन दोऱ्या बांधल्या आहेत. वास धरलाच तर दहा मिनिटं पाण्यात उकळते. ओट्याचं कापड, टेबलाचं कापड आणि खालच्या फरशीचं पोतेरं यांची सरमिसळ होऊ देत नाही. फरशीसाठी गडद रंगाचे टी-शर्ट, टेबलासाठी फिकट. लेकीला हे सांगावं लागलं नाही, रंगावरून कळतं.

तेलाचं एक धोक्याचं सांगते. तेलाने माखलेली कापडं मशीनमध्ये तशीच टाकली तर तेल बाकीच्या कपड्यांना लागतं, वास राहतो. आणि तेलकट कापडं ड्रायरमधून गरम काढून ढीग करून ठेवली तर ती आपोआप तापत जाऊन पेटू शकतात. जवसाच्या तेलाच्या, लाकूड पॉलिशच्या चिंध्यांचं तर हे अगदी ठरलेलं आहे. त्या मोकळ्या पसरूनच वाळवायच्या, गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. म्हणून तेलाची कढई मी आधी वापरलेल्या लिफाफ्याने किंवा कागदी पिशवीच्या तुकड्याने पुसते. तोच कागद, पण आधीच एक काम करून झालेला. तळलेलं निथळायला कागदाऐवजी ताटलीवर तारेची जाळी ठेवते. पदार्थ खालून ओला होत नाही, आणि खाली साठलेलं तेल वाया जात नाही.

भट्टीच्या ट्रेवर घालायच्या कागदाऐवजी सिलिकॉनची चटई आणली, चालते, तिच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. जेवताना हात-तोंड पुसायला प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा रुमाल, तेही आपोआप रुळलं. कागदी ताटल्या आणि पेले आणणं मात्र पूर्ण बंद केलं. कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, आणि तेल न झिरपणाऱ्या कागदात वर्षानुवर्षं पीएफएएस गटातली रसायनं वापरली गेली, जी निसर्गात सहजी मोडत नाहीत. डेन्मार्कने २०२० मध्ये अन्नाला लागणाऱ्या कागदात ती वापरायला बंदी केली. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की तेल रोखण्यासाठीची अशी द्रव्यं तिथल्या बाजारात आता विकली जात नाहीत. पाहुणे आले की घरातल्याच ताटल्या काढतो आणि सगळे मिळून धुतो.

नाकाच्या टिश्यूबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, आणि कट्टर मंडळींना ते आवडणार नाही. एरवी आम्ही सगळे सुती रुमाल वापरतो. पण घरात कुणाला फ्लू झाला की कागदी टिश्यू आणि झाकणाची बादली येते. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्फ्लुएन्झाचे विषाणू स्टील-प्लॅस्टिकवर २४ ते ४८ तास आणि कापड, कागद, टिश्यूवर ८ ते १२ तासांपर्यंत टिकलेले दिसले. म्हणजे कापड काय, कागद काय, सारखंच. फरक एवढाच की कागद लगेच बादलीत जातो आणि रुमाल खिशात फिरत राहतो. आईंचं वय आणि आजार बघता त्या आठ दिवसांत मी झाडांचा विचार बाजूला ठेवते, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

याच कारणाने घरात एक किचन रोल अजून आहे. वरच्या कप्प्यात, हाताला सहज लागणार नाही असा. फुटलेल्या काचेचा चुरा, कच्च्या मांसाचं पाणी, कुणी आजारी असताना झालेली उलटी, यासाठीच तो निघतो. चौदा महिन्यांत असे सहा रोल लागले. ते घेताना मी तीन गोष्टी बघते. पहिली, पुनर्वापराचा लगदा आहे का, आणि त्यातही लोकांनी वापरून रद्दीत दिलेल्या कागदाचं प्रमाण किती. कारखान्यातच उरलेल्या कतरणींनाही पुनर्वापर म्हणतात, पण तो माल तसाही वाया जात नसतो. दुसरी, जंगलं प्रमाणित करणाऱ्या एफएससीची खूण. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या खुणेत तीन प्रकार आहेत, आणि लोक ते बघतच नाहीत : 'रिसायकल्ड' म्हणजे सगळा पुनर्वापराचा, '१०० टक्के' म्हणजे सगळं प्रमाणित जंगलातलं, आणि 'मिक्स' म्हणजे मिसळलेलं. मी 'रिसायकल्ड' घेते. तिसरी, रंग. पूर्वी लगदा क्लोरीन वायूने पांढरा करायचे. लाकडाचे तंतू धरून ठेवणाऱ्या लिग्निनशी क्लोरीनचा संयोग होऊन डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात, हे १९८० च्या दशकात लक्षात आलं, आणि मग क्लोरीन डायऑक्साइड, ऑक्सिजन, ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड असे पर्याय आले. टीसीएफ लिहिलं असेल तर क्लोरीन अजिबात नाही. ईसीएफ असेल तर क्लोरीन वायू नाही, पण क्लोरीन डायऑक्साइड आहे. मी पांढरा न केलेला तपकिरीच घेते. थोडा खरखरीत असतो, काच उचलायला मऊपणा कशाला हवा.

तर माझ्या पसंतीचा क्रम : जुन्या सुती टी-शर्टाचे चौकोन सगळ्यात वर, ओट्यासाठी सेल्युलोजचं कापड त्याच्या बरोबरीने, वाफल फडकी तिसरी, पुनर्वापराचा तपकिरी रोल कपाटात. तो बांबूचा रोल कुणाला सुचवणार नाही.

सहा महिन्यांपूर्वी विरलेलं एक सेल्युलोजचं कापड आणि एक फाटलेलं वाफल फडकं मी कंपोस्टच्या कुंडीत पुरलं होतं. गेल्या रविवारी कुंडी उपसली. सेल्युलोजचा मागमूस नव्हता. वाफल फडकंही गेलं होतं, पण मातीत एक पांढरा दोरा सापडला, चौकोनी आकारात, चारही कोपरे जसेच्या तसे. फडक्याच्या कडेची शिवण! कापड सुती होतं, शिवायला वापरलेला दोरा पॉलिस्टरचा. मी तो धुऊन आईंना दाखवला. त्यांनी तो बोटाभोवती गुंडाळत बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी कडा मी उसवून देईन, बसल्या बसल्या. तेवढं जमतं मला." आता जी फडकी विरत आली आहेत ती त्यांच्या खोक्याशेजारी, वेगळ्या डब्यात ठेवली आहेत.